हिमकोटच्या गादीचा वाद

६ एप्रिल, सकाळ
'हिमकोट' संपली. सहा सीझन, हिंदी डबिंग, मोबाइलवर बघून बघून मान आखडली. पण शेवट एक नंबर! युद्ध जिंकल्यावर नऊ सरदार तंबूत बसतात, गादीच मोडीत काढतात आणि ठरवतात, इथून पुढं राज्य बहुमतानं. गड राखणाऱ्या वेद्रा राणीला मानानं एका बेटावर पाठवतात. ह्याला म्हणतात लोकशाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

चहाच्या वेळी संध्याला सगळं समजावून सांगितलं. ती पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, गड तिनं राखला ना? मग तिला विचारलं का कुणी?

झालं! बायकांना राजकारण कळत नाय असं मी म्हणणार नाय. पण माझ्या बायकोला नाय कळत.

७ एप्रिल
संध्या माहेरी गेली. रोह्याला. पोळपाट, लाटणं आणि पोह्यांचं पोतं घेऊन. एका मालिकेवरून इतका राग!

दुसरं कारण असूच शकत नाय. काल संध्याकाळी गावकीच्या मीटिंगमध्ये क्रिकेट क्लबला ऑफिसची जागा कोण देणार असा प्रश्न निघाला. सगळे खाली बघायला लागले. मी उभा राहिलो आणि आमची पडवी देऊन टाकली. टाळ्या पडल्या. घरी येऊन सांगितलं तर संध्या एक शब्द बोलली नाय. म्हणजे त्याचा राग नाय. तिला पडवीत पोह्याच्या पापडाचं काम सुरू करायचं होतं, पेणच्या एका दुकानानं ऑर्डरही दिली होती, हे खरं. पण पापड काय, कुठंही लाटता येतात.

राग वेद्राचाच. निश्चय : पहिला फोन मी करणार नाय. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१० एप्रिल
क्लब आला. ट्रॉफ्या, कॅरम, बॅटी, एक मोडका पंखा. विलास अध्यक्ष. माझा शाळेपासूनचा दोस्त, पण 'हिमकोट'च्या बाबतीत अगदीच कच्चा. म्हणतो, गादी सेनापतीला मिळायला पाहिजे होती. मी म्हटलं, एकट्याच्या हातात सत्ता गेली की माज येतो. तो म्हणाला, नऊ जणांच्या हातात गेली की नुसता चहा जास्त लागतो.

सगळे हसले. चहा मीच केला.

१६ एप्रिल
कंपनी रोह्याला. आमची बस रोज सासुरवाडीच्या दारावरून जाते. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसतो. आज तिथून वाकून बघताना मान लचकली. अंगणात साड्यांवर पापड वाळत घातले होते. तीन-चार बायका होत्या. संध्या त्यांच्यात बसून खळखळून हसत होती.

नाटक. आतून तुटली असणार.

२१ एप्रिल
पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. खाल्लं.

'हिमकोट फॅन्स पेण-रोहा' ग्रुपवर नऊ सरदारांच्या बाजूनं मोठी पोस्ट टाकली. क्लबातल्या रघूनं अंगठा दाखवला, बाकी कुणी वाचलीच नाय. परत टाकली. परत टाकली. ॲडमिननं मला काढून टाकलं. एकट्यानं! कुणालाही न विचारता! हुकूमशाही म्हणतात ती हीच.

२८ एप्रिल
सुट्टी. सकाळपासून पडवीत कॅरमची टकटक. कुणीतरी माझ्या चपला घालून गेलं. साखर संपली. घर खायला उठतं आणि पडवी गिळायला. वैताग आलाय नुसता. संध्या असती तर तिनं एकेकाला उभ्या उभ्या हाकललं असतं. हे मी कौतुकानं लिहीत नाय.

आठवण येते. लिहून टाकलं, संपलं.

तोडगा सुचलाय. तत्त्वाला धक्का न लावता थोडी माघार : वेद्राला बेटावर न पाठवता मंडळात दहावी जागा द्यायची. संध्या खूश. उद्या बसमधून मध्येच उतरायचं.

२९ एप्रिल, संध्याकाळ
उतरलो. सासूबाई, म्हणजे हौसाबाई, दारातच होत्या. म्हणाल्या, या जावई, पापडावर पाय नका देऊ.

संध्यासमोर दहाव्या जागेचा प्रस्ताव मांडला. पाठ केला होता, तरी दोनदा अडखळलो. तिनं लाटणं थांबवलं आणि विचारलं, कोण वेद्रा?

मी म्हटलं, राणी. आपलं भांडण.

ती म्हणाली, ती मालिका मी दुसऱ्याच भागात सोडली होती. तुम्ही सांगत होता म्हणून काहीतरी बोलले. तुम्ही माझी पडवी भर गावकीत वाटून आलात आणि मलाच टाळ्यांचं सांगत बसलात!

हौसाबाई म्हणाल्या, एवढा शिकलेला माणूस हाय, पर उजेड नाय.

संध्याचं म्हणणं साधं आहे. रविवारपर्यंत पडवी मोकळी करा, सोमवारी येते. नाय तर रोह्यात एक खोली बघून ठेवलीय, तिथं काम टाकते आणि राहतेही तिथंच.

सोपं आहे. घर माझं, पडवी माझी, विलास माझा. दोन मिनिटांचं काम.

४ मे, रविवार
विलासला सांगितलं. तो म्हणाला, असं एकट्याच्या सांगण्यावरून नाय होत, मीटिंग लावू. लावली. माझ्याच पडवीत. मी सभासद नसल्यामुळे मला मत नाय. घरमालक म्हणून बोलायची परवानगी दिली.

मी कळवळून बोललो. बायको येत नाय रे, असं सरळ सांगितलं. रघूनं डोळे पुसले. मग हात वर करा म्हणाले आणि सगळ्यांनी केले, रघूनंसुद्धा. ऑफिस पाऊस लागेपर्यंत इथंच. पाऊस लागला की पापड वाळणार कुठं, संध्याचं काम बंद.

विलास पाठीवर हात ठेवून म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, मला पण वाईट वाटतंय.

संध्याचा फोन वाजतोय. दोनदा वाजून बंद झाला, परत वाजतोय. आत येऊन बसलोय. बाहेर त्यांनी कॅरम मांडला. उचलून काय सांगू तिला?