तुमच्या कानाची मशीन

सर, मागच्या महिन्यात मायच्या कानाला मशीन लावली, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलून राहिलो आहे. माझी माय तुम्हाला आठवत असेल. पवनीच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसायची. तुमच्या घरी मासोळी शिजत नव्हती, तरी एका बाजाराच्या दिवशी तुम्ही तिच्या टोपल्यासमोर येऊन उभे राहिले. तिने सवयीने विचारलं, "कोणती देऊ, मास्तर?" तुम्ही म्हणाले, "हा पोरगा द्या." मी मागे बसून खवले काढत होतो. मायला वाटलं मी तुमच्या घरचं काहीतरी उचललं. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी चाकू खाली ठेवला. खरी गोष्ट एवढीच होती की आदल्या दिवशी नदीवरून येताना मी तुमच्या खिडकीखाली थांबलो होतो, आत पोरं व्हायोलिन वाजवत होती, आणि मी बाहेरून ओरडलो होतो, "ते कोपऱ्यातली चुकून राहिली." तुम्ही बाहेर आले तोवर मी पळालो होतो. तुम्ही मायला म्हणाले, "याले कान आहे बाई. मले पाहिजे." माय म्हणाली, "कान त आहे, पण ऐकत कोणाचं नाही."

तुमची समोरची खोली मला अजून वासासकट आठवते. गजाला घासायच्या राळेचा वास, भिंतीच्या चुन्याचा, आणि आतून काकूंच्या फोडणीचा. आम्ही मांडी घालून ओळीने बसायचो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचो, आणि तुम्ही समोर. तुमच्याकडचं जुनं लहान व्हायोलिन तुम्ही मला दिलं. माझ्या हाताला मासोळीचा वास यायचा म्हणून शेजारचा पोरगा सरकून बसला, तर तुम्ही त्याला काही बोलले नाही. तुम्हीच येऊन आमच्या दोघांच्या मधे बसले, आणि पुढे ती माझी जागा झाली, तुमच्या डाव्या हाताला. मला वाटायचं ही माझी बढती आहे. ती बढती नव्हती, हे कळायला वेळ लागला. तुमचं डावीकडचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं, उजवीकडचं जात होतं. मागून सायकलची घंटी वाजली तर तुम्ही बाजूला व्हायचे नाही. चुलीवर दूध उतू जाताना सूं आवाज करायचं, आणि तुम्ही त्याच्याच शेजारी उभे राहून माझ्याशी बोलत असायचे. पण वर्गात कोणाला शंका नव्हती, कारण तुम्ही प्रत्येकाजवळ जाऊन वाकायचे आणि त्याच्या व्हायोलिनच्या डोक्याला आपल्या गालाचं हाड टेकवायचे. पोरांना वाटायचं शिकवायची पद्धतच अशी असते. हाडातून तुम्हाला सूर ऐकू येत होता. हवेतून येत नव्हता.

सगळ्यांच्या तारा लावायचं काम माझं झालं. मी खुंट्या पिळायचो, तुम्ही बोटं शिकवायचे. पोरं एकत्र वाजवायला लागली की तुम्ही एकदा माझ्याकडे पाहायचे. सूर चढला असेल तर मी भुवई वर करायची, उतरला असेल तर नजर खाली टाकायची, बरोबर असेल तर सरळ पाहायचं. हे आपण कधी ठरवलं नव्हतं, ते होऊन गेलं. एका शिंप्याची पोरगी होती, बोटं आखूड, तिसरं बोट जागेवर पोचायचंच नाही. तुम्ही मारत नव्हते, पण थांबवायचे, आणि थांबवलं की तिचे डोळे भरायचे. एका संध्याकाळी तिचा सूर उतरला, तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मी सरळ पाहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलं.

"तिचं बोट कुठं पडते ते मले दिसते," तुम्ही म्हणाले. "तरी तू बरोबर म्हणून राहिला. काहून?"

"ती रडते, सर."

"तुले तिची कीव आली, ते मले समजते. पण मी तुझ्या कानावर चालून राहिलो. तू कीव करशील त मी कोणावर चालू?"

मी म्हटलं, आता नाही करणार. तुम्ही म्हणाले, "करशील. तुझा स्वभावच तो आहे." आणि काकूंना हाक मारून मला चहा द्यायला लावला. रागावलेल्या माणसाने चहा पाजला की तो राग पोटात जाऊन बसतो, तसं झालं. पण तुम्ही म्हणाले ते खरं निघालं. मी पुढेही अधूनमधून एखाद्याला सोडलं, आणि तुम्हाला ते दर वेळी कळलं.

दहावीनंतर मी नागपूरला मोटार वाइंडिंग शिकायला गेलो. हाताने मी बरं वाजवत होतो, पण बरा वाजवणारा आणि व्हायोलिनवाला यांत किती अंतर आहे ते माझ्याच कानाला सगळ्यांत आधी कळलं होतं. तुम्ही अडवलं नाही. "कान कुठंही चालते," एवढंच म्हणाले. चाललाही. भंडाऱ्यात दुकान टाकलं, धानाच्या बांध्यांवरचे पंप यायला लागले, गोसीखुर्द धरणाचं पाणी फुगलं तसे पंप वाढले आणि माझं दुकानही. आजही मी मोटार खोलायच्या आधी तिला ऐकतो. गिऱ्हाईक म्हणते बेअरिंग गेली. मी म्हणतो बेअरिंग शाबूत आहे भाऊ, पंख्याचं पान घासून राहिलं. दुकानातली पोरं हसतात, मग खोलतात, मग हसत नाहीत. हे सगळं तुमच्या डाव्या हाताला बसून शिकलो, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

दुकान नीट उभं राहिलं तेव्हा मनात एकच होतं, सरांना मशीन घेऊन द्यायची. तुम्ही आढेवेढे घेतले, काकूंनी दटावलं, आणि आपण एसटीने भिवापूर, उमरेड करत नागपूरला गेलो. तिथे काचेच्या खोलीत तुम्हाला बसवलं, कानावर डबे चढवले, आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी काचेबाहेर उभा. ती बाई बटण फिरवत जाते, फिरवतच जाते, आणि तुमचं बोट मांडीवर तसंच पडून असतं. ज्या बोटाने आम्हाला सगळे सूर दाखवले, ते बोट एका शिट्टीची वाट पाहत होतं. मला तिकडे पाहवलं नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

परतीच्या गाडीत मात्र तुम्ही लहान पोरासारखे झाले होते. "कंडक्टर एवढा ओरडते का रे?" "हे काय वाजून राहिलं? खिडकीची काच? बदलत काहून नाहीत?" मागच्या बाईचं भांडण तुम्ही पवनीपर्यंत ऐकत आले आणि मला तिच्या सासूची सगळी हकीकत सांगितली. घरी काकू पाणी घेऊन आल्या तर तुम्ही त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. "तुझ्या बांगड्या वाजतात," तुम्ही म्हणाले. काकू म्हणाल्या, "त काय, लग्नापासून वाजून राहिल्या." आणि आत निघून गेल्या. पदराने डोळे पुसत गेल्या, ते मी पाहिलं.

मग संध्याकाळ होते. तेव्हाची पोरं येतात, खिडकीजवळ एक, बाकीची ओळीने. मी जुन्या सवयीने सगळ्यांच्या तारा लावून देतो. तुम्ही भिंतीला टेकून बसता आणि म्हणता, "आज मी बसूनच ऐकतो. लांब सा द्या." पोरं गज ओढतात. दिवसभर मोटारींच्या घरघरीत राहणारा माणूस मी, तो सा ऐकून माझ्या अंगातून गार वारं जातं. मी तुमच्याकडे पाहतो, तुम्हाला किती आनंद झाला असेल ते पाहायला. तुमचा चेहरा आखडत चाललेला असतो. "थांबा," तुम्ही म्हणता. "एकेक जण वाजवा." एकेक जण वाजवतो. भूपाचे सूर घ्यायला लावता, वर, मग खाली. मग तुम्ही आपलं व्हायोलिन उचलता, स्वतः सा लावता, आणि अर्ध्यातच गज तारेवरून उचलता.

"हे असंच वाजते का रे?" तुम्ही मला विचारलं. "लाटेवानी? वर-खाली?"

"नाही, सर. सुरात आहे. पोरंही सगळी सुरात आहेत."

तुम्ही हसले. "तू त तेच म्हणशील, बापा."

पोरांना तुम्ही गोड बोलून खेळायला पाठवलं. मी म्हटलं, मशीन काढा, गाल लावून पाहा. तुम्ही तेही केलं, माझं मन राखायला. म्हणाले, "गालानं गोडच लागते. इतके वर्ष गोडच लागून राहिलं होतं. मन भरते त्याच्यात." मग मशीन पुन्हा कानामागे बसवली. "हे कायले खोटं बोलेल? तिले माझी कीव थोडीच आहे."

माझ्या शब्दाला तुमच्यापुढे वजन उरलं नव्हतं, आणि का उरलं नव्हतं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही वर्ग एकदम बंद केला नाही. पावसाळ्याची सुट्टी दिली, मग दिवाळीची, मग नवीन पोरं घेतली नाहीत. पालकांना सांगितलं, आता गुडघे मांडी घालू देत नाहीत. मला एकदा म्हणाले, "चुकीचं शिकवलं, ते आता कोणाकोणाच्या बोटातून काढू?" आणि तरी ती मशीन तुम्हाला आवडली, सर, हेच मला सगळ्यांत जड जातं. बातम्या ऐकायचे, काकूंशी भांडायचे, दारावर येणाऱ्या भाजीवालीशी गप्पा मारायचे. मी आलो की कानाला हात लावून म्हणायचे, "तुझ्यामुळं घरात माणसं बोलायला लागली." मी खाली पाहायचो. खुंटीला व्हायोलिनची पेटी असायची, तिच्यावर धूळ. शेवटच्या तापातही तुम्ही मशीन काढू दिली नाही, असं काकूंनी सांगितलं.

आता मायचं सांगतो. माय अजून भजनाला जाते. मशीन लावून पहिल्यांदा गेली आणि घरी येऊन म्हणाली, "काहून रे, पेटीवाल्याले थंडी वाजून राहिली का? पेटी थरथरत होती." मी पुढच्या खेपेला सोबत गेलो. पेटी चांगली होती. मायने मशीन काढली, तर म्हणाली, "आता कमी येते, पण सरळ येते." मी ती मशीन तिच्या हातातून घेतली आणि माझ्या कानात घातली. माणसं बोलत होती तोवर सगळं ठीक होतं. पेटीवाल्याने एक सूर लांब धरला, आणि तो सूर माझ्या कानात लाटेसारखा हलायला लागला. वर-खाली. चांगल्या कानात, सर. माझ्या कानात. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो. मशीनच्या दुकानातल्या पोरीने हसून सांगितलं, काका, ही बोलण्यासाठी असते. लांब सूर आला की तिला वाटते आपलीच शिट्टी वाजून राहिली, म्हणून ती त्याला दाबायला पाहते. गाण्यासाठी वेगळं सेटिंग टाकावं लागते. तिने ते टाकून दिलं. चहा येईपर्यंत झालंसुद्धा. मी विचारलं, जुन्या मशीनींतही असं व्हायचं का? "जुन्यांत त जास्तच," ती म्हणाली.

भंडारा जिल्ह्यातल्या अर्ध्या मोटारी मी कानाने ऐकून दुरुस्त केल्या. गिऱ्हाईकाने सांगितलेला बिघाड मी कधी मानला नाही, स्वतः ऐकल्याशिवाय स्क्रू ढिला केला नाही. आणि ती एवढीशी मशीन, मीच आणलेली, मी एकदाही आपल्या कानाला लावून पाहिली नाही. मला वाटलं बिघाड तुमच्या कानात आहे. माझा कान चांगला, मला मशीनची काय गरज. त्या संध्याकाळी ती काढून मला द्या म्हटलं असतं, तर तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचीही गरज पडली नसती. माझा चेहरा पाहूनच तुम्हाला कळलं असतं. तुम्ही माझा चेहराच वाचत होते ना, इतके वर्ष.

हे लिहून कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. काकूही गेल्या, घर दुसऱ्याने घेतलं. दुकानात कोणी वाचलं तर म्हणतील शेठ म्हातारे झाले. पाठवायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. त्या दिवशी पोरं सगळी सुरात आहेत असं मी म्हटलं, ते पूर्ण खरं नव्हतं. खिडकीजवळच्या पोराचा गंधार उतरलेला होता, केसभर. ते नवीन होतं, घाबरलं होतं, म्हणून मी सोडून दिलं. बाकीची सगळी सुरात होती. तुम्हीही.