डाळीच्या डब्यातली गोळी

संक्रांत, २००३. नाशिक

सूनबाई शोभा वजन उतरवायची गोळी घेते. डॉक्टरांनीच दिली, तरी डाळीच्या डब्यात लपवते. का? माझी साखरेची गोळी तर खिडकीत उघडी असते.

आज शेजारच्या सिंधूताईंनी तिळाचा लाडू तिच्या तोंडाशी नेला. त्या गोळीवर तेलकट खाल्लं की पोट बिघडतं. ती "नको" म्हणाली, तर ताई तिच्या अंगाकडे बघून हसल्या. "घे गं, समुद्रात एक तांब्या!"

तिळगुळाला नाही तरी कसं म्हणायचं? मीच लाडू घेऊन खाल्ला.

नंतर शोभा रागावली. "नाना, तुमची साखर?"

"असू दे. माझ्या गोळीला कोणी हसत नाही."

साखर वाढली असेल का? पायाला मुंग्या आल्यासारखं उगाच वाटतंय. आत्ता गोळी घ्यायला उठलो, तर खिडकीत माझ्या पाकिटाशेजारी तिचंही पाकीट.