आईने पासवर्ड बदलला

रविवार, संध्याकाळ

आईने आज कमाल केली, तीसुद्धा एकटीने! तिने उलव्याच्या मामाला सिनेमांच्या अ‍ॅपचा पासवर्ड दिला होता. त्याने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. आईच्या ईमेललाही तोच पासवर्ड. दुपारी कोणीतरी अनोळखी माणूस ईमेल उघडायला बघतोय, असा मेसेज तिला आला. मी घरी पोहोचेपर्यंत तिने दोन्ही पासवर्ड बदलून सगळ्यांना लॉगआउट केलं होतं. एकटीने, मला फोनसुद्धा न करता!

तेवढ्यात मामाचा फोन. "ताई, माझा सिनेमा अर्ध्यावर बंद पडला गं!"

"उरलेला बघायला इकडे ये, जेवायलाच ये. पासवर्ड मिळणार नाही."

मी हळूच विचारलं, "मला तरी सांगशील?"

"तुलापण नाही."

मला राग यायला हवा होता का? छे, तिची पाठ थोपटावीशी वाटली.