निसर्गचित्रात माणसं बोटाएवढी

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि इंग्रजांच्या चित्रकलेची मला अजून किळस येते. ती तुम्हीच शिकवलीत. दुष्काळाचं साल. शाळेचा आड आटलेला, ब्रश बुडवायला अख्ख्या वर्गाला एक पेला पाणी, आणि तुम्ही फळ्यावर हिरवं कुरण, तळं, ढग काढताय. "आधी आभाळ. कागद वला करा." मागून कुणी म्हणतं, "सर, पाणी न्हाई." "मग थुका त्याच्यावर, पण आभाळ वलंच पायजे!" वर्ग हसतो. मी तपकिरी माळ रंगवतो आणि त्यावर कागदभर माझी माय, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. तुम्ही कागद उचलता. "हे निसर्गचित्र न्हाई, बाळा. निसर्गचित्रात माणसं बोटाएवढी, लांब. परीक्षेत नापास होशील." झालोही.

पुढे वाचत गेलो तेव्हा हा नियम कुठून आला ते कळलं. एके काळी इंग्रजांना राजाचा चेहरा काढायलासुद्धा परदेशी चित्रकार आणावे लागत. मग तिथल्या जमीनदारांना चित्रांची हौस आली. त्यांनी गावाची गायरानं कुंपणात घातली, गरिबांना हाकललं, आणि त्याच रानाची शांत, ओलसर चित्रं दिवाणखान्यात टांगली. मजूर असलाच तर सावलीत. त्याचं तोंड दिसलं तर जेवण गोड कसं लागणार? राजाचं ढेरपोट काढून टर उडवणारे व्यंगचित्रकारही तिथलेच, हे मान्य. पण आमच्या शाळेपर्यंत पोचलं ते कुरणच.

लातूर जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीच्या सभागृहात समारंभ होता, भिंतीवर तुम्ही रंगवलेलं तसलंच कुरणाचं चित्र लावलं होतं. बोलायची माझी पाळी आली तसा मी माईकवरून गरजलो, "हे गुलामाच्या हातचं चित्र! उतरवा ते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत तुम्ही मान खाली घालून बसला होतात. बाहेर मला गाठलंत. "लई झ्याक बोललास, पोरा. आन् गायरानाचं कवा बोलणार हायस?"

चाकूरकडच्या आमच्या वस्तीनं मला त्यासाठीच पाठवलं होतं. बापजाद्यांपासून कसत आलेलं गायरान नावावर करा, एवढंच मागायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं, वेळ पुरला नाही. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहितो: वेळ भरपूर होता, सर. कलेक्टर पहिल्या रांगेत बसले होते आणि माझी जीभ उचलेना. तुमच्या चित्रावर गरजलो, कारण तुम्ही उलट बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.