बारात नसलेली पाठवणी

उंद्री, ता. चिखली
दि. २ जानेवारी २०२५

चि. फहीम यास,

निवृत्तीकाकाचा आशीर्वाद. तुझ्या अम्मीले, म्हणजे आमच्या अमीरबी भाभीले, माझा सलाम सांगजो. त्यायचे गुडघे कसे आहेत? पुण्यात लिफ्ट असते म्हणतात, म्हणजे चढ-उताराचं तरी सुख असेल. इकडे सगळं ठीक. तूर निघाली, हरभरा घाट्यावर आहे. माझी तब्येत म्हणशील तर पासष्टीच्या माणसाची असते तशी आहे.

तू पाठवलेला पेनड्राइव्ह अन् पुस्तिका मिळाली. ‘बहारचे बेहतरीन बारा’. कागद गुळगुळीत आहे, मास्तरचा फोटो झकास आहे. फेट्याचा तुरा त्यायनं त्या दिवशी चार वेळा नीट केला होता, मीच आरसा धरून उभा होतो. मागच्या पानावर तू छापलं, ‘रसिकांनी आपला अभिप्राय पत्राने अवश्य कळवावा’. आम्ही रसिकात बसतो का नाही ते मले माहीत नाही. सतरा वर्षं तुझ्या अब्बाच्या, गुलजार मास्तरच्या मागं दुसरं क्लारनेट वाजवलं, तेवढ्या हक्कानं लिहून राह्यलो. फोन केला असता, पण तुझा फोन कधीही लावा, मीटिंगमध्येच असते.

तर अभिप्राय. बहार ब्रास बँड बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण बहारवाले अजून जिवंत आहेत बाप्पा. ज्या बँडनं एक फिल्मी गाणं वाजवलं नाही, सगळ्या चाली मास्तरच्या स्वतःच्या, अन् ज्याच्या रिकाम्या तारखा पाहून लोकायनं मुहूर्त काढले, त्याचे लोक असे सुखासुखी मरत नसतात. कारभारीच्या पानठेल्यावर गणपतीचा स्पीकर आणून लावला. आपल्या कॅसेटा भरणारा तोच हा कारभारी, वरातीत टेपरेकॉर्डर छातीशी धरून उलटा चालायचा. चाळीस-पन्नास जण जमले. उभ्या-उभ्या बाराही ऐकले.

खूश कोणी नाही.

झुंबरबाई म्हणते, ‘‘हळदीच्या चालीत माह्या दारचं कुत्रं भुंके, ते कुठी गेलं?’’ तू मशीनवर सगळा आवाज साफ केला, त्यात तिचं कुत्रं साफ झालं. ते कुत्रं मरून वीस वर्षं झाली, तिले फक्त तिथंच ऐकू यायचं. ‘सहाची एसटी’मधला खऱ्या एसटीचा हॉर्न तू काढला, तर पोट्टे म्हणे मग ती एसटी कशाची? कारभारी चुना लावत बसला. शेवटी म्हणे, ‘‘अळणी करून टाकलं.’’ कोणाले क्रम पटला नाही, कोणाले ‘उलटी वरात’ अर्धीच वाटली. आता हे तर होणारच. ज्याच्या-त्याच्या लग्नाची चाल त्याले बारात पाहिजे, अन् लग्नं तर हजार झाली.

पण एका गोष्टीवर सगळे एक झाले. ‘पाठवणी’ काऊन नाही? २००७ ची, उंद्रीची. जिच्यात मधी मास्तरचा दम तुटते, दोन मात्रा सगळं शांत होते, अन् मग सूर असा उठते की ऐकणाऱ्यानं खाली पाहावं. त्या दोन मात्रेसाठी लोकायनं कॅसेटा घासून टाकल्या. तिच्याशिवाय बहारचे बारा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं कारभारी म्हणाला. मी नाही, तो म्हणाला.

पुस्तिकेत तू लिहिलं ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ‘२००३ नंतर अब्बांच्या फुप्फुसांनी साथ सोडली. त्या काळातील वादन त्यांच्या कीर्तीला शोभणारे नसल्याने वगळले आहे.’ म्हणजे २००३ ते २००९ सगळंच गेलं. सहा वर्षं. तू शिकलेला आहे, विचार करूनच केलं असशील. मले काही म्हणायचं नाही. फक्त लोकायचा निरोप पोचवून राह्यलो, की दुसरी आवृत्ती काढशील तर ‘पाठवणी’ घेजो.

वादकायच्या यादीत ‘क्लॅरिनेट : गुलजार मास्तर, व इतर साथीदार’ असं आहे. ठीक आहे. जागा कमी असते.

काजलची तू आठवण काढली, बरं वाटलं. सोनाळ्याले सुखात आहे. जाणं-येणं जास्त होत नाही. संक्रांतीले जाईन म्हणतो.

तुझा,
निवृत्तीकाका


उंद्री
दि. २१ जानेवारी २०२५

फहीम,

तुझं टाइप केलेलं उत्तर मिळालं. ‘काका, आपल्या भावना समजू शकतो. परंतु अब्बांचा तुटलेला दम जगाने ऐकावा असे मुलगा म्हणून मला वाटत नाही. आपले नाव स्वतंत्र देता आले नाही याबद्दल गैरसमज नसावा.’

मी नाव मागितलं होतं का बे? पुन्हा वाच माझं पत्र. कुठी मागितलं?

आता ऐक. हे मी तुले कधीच सांगणार नव्हतो, पण संक्रांतीले सोनाळ्यात जे झालं त्याच्यानंतर गप्प बसलो तर मी माणूस नाही, लाकूड आहे.

२००३ च्या उन्हाळ्यात चिखलीच्या उतारावर आपली भोंगा-जनरेटरची बाजाची गाडी घसरली. मास्तर पुढं होते, क्लारनेट तोंडात होतं. गाडी पाठीत बसली अन् वरचे चार दात गेले. तू तेव्हा औरंगाबादले हॉस्टेलवर होता. सुटीत आला तर तुले कवळी दिसली. कवळी दिसली, पण कवळीनं क्लारनेट वाजत नसते हे तुले कोणी सांगितलं नाही. वरचे दात त्या लाकडावर रुतावे लागतात, तेव्हा तोंडातली वेताची पत्ती बोलते. मास्तरनं दोन महिने खटपट केली. कवळी हले अन् सूर घसरे. एक दिवस क्लारनेट खाली ठेवलं अन् मले म्हणे, ‘‘निवृत्ती, अब तेरेकू बजाना पडता. पर सामने मैं चलूंगा.’’

मी हो म्हटलं. त्या माणसानं मले म्हशीमागून उठवून सूर शिकवला होता.

पहिल्या वरातीपासून जमून गेलं. भोंग्याची वायर मास्तरच्या क्लारनेटले बांधलेली दिसे, पण ती गाडीत नुसती खोचलेली. खरा माइक माझ्या क्लारनेटले. मी गाडीच्या मागं, जनरेटरजवळ, बँडच्या नावाच्या पडद्याआड. मास्तर पुढं, फेट्यात, डोळे मिटून बोटं फिरवत. बोटं मात्र खरी, एक चुकत नव्हती. कधी जनरेटर बंद पडे अन् भोंगा मुका होई. मग नुसतं क्लारनेट मागून ऐकू येईल म्हणून मी थांबे अन् मास्तर छातीवर हात ठेवून खोकू लागे. लोक पाणी आणत, खुर्ची आणत. तेच ते तुझं फुप्फुस. तुझ्या अब्बाचं फुप्फुस बैलासारखं होतं फहीम. ते खोकणं जनरेटरचं होतं.

ज्या सहा वर्षांत त्यायचा दम संपला असं तू छापलं, ती सहा वर्षं मी वाजवलं. तू माझ्यावर फुली मारली अन् खाली तुझ्या बापाचं नाव लिहिलं.

आता पुढचं लिहितो.

२००७ च्या मे महिन्यात माझ्या काजलचं लग्न. तिची आई आधीच्याच वर्षी गेलेली. व्याही पंजाबराव, सोनाळ्याचे, पक्के बहारवाले. त्यायनं बैठकीत एकच गोष्ट मागितली, ‘‘हुंडा नोको, पाठवणी गुलजार मास्तरच्या हातची पाहिजे.’’ मास्तर तिथंच होते. म्हणे, ‘‘काजल मेरी बी बेटी है.’’ माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवली. आता सांग, पोरीचा बाप पाठवणीले पडद्यामागं उभा राहीन तर पोरीचा हात जावयाच्या हातात कोण देईन? हा विचार त्या बैठकीत आम्हा दोघायलेही आला असेल. तरी तारीख ठरून गेली.

जीपजवळ बायका रडू लागल्या. चाल सुरू झाली. काजल सगळ्याईच्या पाया पडत आली, अन् मग थांबली. कॅसेटवर ऐकू येते, कारभारी जीपजवळच उभा होता. ती म्हणते, ‘‘मामा, बाबा कुठी आहेत?’’ मामा म्हणते, ‘‘येऊन राह्यले.’’ ती पुन्हा म्हणते, ‘‘माहे बाबा कुठी आहेत वो?’’

तिथं दम तुटते. तो मास्तरचा नाही, माझा.

दोन मात्रा. तेवढ्यात क्लारनेट खाली ठेवून पडद्याबाहेर सहा पावलं टाकली असती तर झालं असतं. मास्तरची बोटं फिरत राहिली असती अन् भोंगा मुका. तीनशे लोक, पंजाबराव समोर. मास्तरची अब्रू गेली असती, म्हणून मी थांबलो नाही, असं मी मले अठरा वर्षं सांगत आलो.

ते खोटं आहे. मी थांबलो नाही कारण तो सूर मले आयुष्यात पहिल्यांदा सापडला होता. पोरीचं रडणं कानात पडलं अन् सूर आपोआप वर चढला. मले वाजवता-वाजवता समजत होतं की असं पुन्हा होणार नाही. मले सोडवलं नाही. पोरगी बापाले शोधत होती अन् बाप तिच्या रडण्यावर वाजवत होता. एवढा नालायक आहे तुझा काका.

हात मामानं दिला. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी गावात झालं की निवृत्ती पिऊन खळ्यात पडला होता. मी ते तसंच राहू दिलं. दुसरं काय सांगणार होतो? काजलनं मले त्याच्यानंतर कधी काही विचारलं नाही. येते, भाकरी टाकून देते, जाते. पाया पडत नाही.

आता संक्रांतीचं ऐक. कारभारीजवळून ती कॅसेट घेतली, त्याचा जुना टेपही घेतला, खामगावले गाडी बदलून सोनाळ्याले गेलो. पंजाबराव वारले, माहीत असेल तुले. काजल एकटीच होती, वानाचे डबे भरत होती. म्हटलं बस जरा. कॅसेट लावली. तिच्या आवाजापर्यंत आली तसा तिनं हात थांबवला. मी सांगितलं सगळं. दात, वायर, पडदा, सगळं. मी थांबलो नाही तेही सांगितलं.

ती उठली, आतून तुझी पुस्तिका घेऊन आली. तिच्या सासऱ्याच्या फोटोजवळ ठेवलेली होती. ते पान काढून माझ्यासमोर ठेवलं. गुलजार मास्तर. दम संपला. छापलेलं.

म्हणे, ‘‘बाबा, पिऊन पडले होते ते मी कधीचंच पोटात घातलं होतं. आता मेलेल्या माणसाचं वाजवणंही तुमचंच काय?’’

मग पुन्हा डबे भरू लागली. तिळगूळ दिला मले. गोड बोला म्हणाली नाही.

तिचं चुकलं नाही. अठरा वर्षं बाप गप्प, अन् बोलला तर नेमका पुस्तिका आल्यावर. कोणाले खरं वाटेल? तुलेही एकदम वाटणार नाही.

कॅसेट या पार्सलात आहे. बाकीच्या घासून गेल्या, आता दुसरी प्रत नाही, कारभारी रडला देताना. एक काम कर. दार लावून भाभीजवळ बस अन् ऐक. मग त्यायले विचार, हे वाजवणं कोणाचं. सहा वर्षं भाभी मास्तरले भाकर दुधात कुस्करून देत होत्या, अन् वरातीहून आलं की माझ्या फाटलेल्या ओठाले तूप त्याच लावायच्या. भाभी तुझ्याशी खोटं बोलणार नाहीत. मास्तरनं त्यायले शपथ घातली असेल तर ती मास्तरसंगं गेली असं सांगजो.

पुस्तिका बदलू नोको. लोकायले मास्तरच राहू दे. ते पुढं चालले म्हणून मी मागं वाजवू शकलो, हेही खरं आहे. ‘पाठवणी’ बारात घे नाहीतर नोको घेऊ, बहारवाले तसेही खूश होणार नाहीत.

मले फक्त एक पत्र पाहिजे, अन् तेही मले नोको. सौ. काजल, मु. पो. सोनाळा, ता. संग्रामपूर. टाइप केलेलं नोको, तुझ्या हातानं लिहिजो. एवढंच लिही की त्या दिवशी तुझे बाबा पडद्यामागं होते. पिलेले नव्हते. वाजवत होते. बाकी माफ करायचं की नाही ते तिचं ती पाहीन.

तुझ्या पुस्तिकेतला,
‘व इतर’
निवृत्ती