पुतणीला दिलेली हत्यारे आणि पडलेल्या भिंतीचा खुलासा

मी, घरदुरुस्तीची कामे करणारा मिस्त्री, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस पडून मी आयुष्यात एकदाच सही केली. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये आहे.

कलम एक. माझे दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. मागच्या दाराने ओल धरली की ते फुगते. त्याला लगेच रंधा मारू नये, उन्हाळ्यापर्यंत दम धरावा.

कलम दोन. पुतणीने जुने घर घेतले असून ती ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला निघाली आहे. तिने माझ्याकडे ड्रिल मशीन मागितले. नवशिके सगळे तेच मागतात. ते धाकट्या भावाला द्यावे. त्याचा पहिल्यापासून त्यावर डोळा आहे. पुतणीला पत्र्याच्या पेटीतली, कोणी ढुंकूनही न बघणारी हत्यारे द्यावीत. ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेले वजन: भिंत पोटात आली, म्हणजे मध्येच फुगली आहे का, ते सांगतो. पारदर्शक नळी: पाणी भरून दोन टोके दोन भिंतींना धरली की पातळी कळते, सेल लागत नाही. गुण्या: कारण खोलीचा कोपरा काटकोनात असेलच असे समजू नये. दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, बुजलेले खिळे शोधायला. चष्मा, तो कपाळावर नव्हे, डोळ्यांवर घालावा. शिवाय दोन लोखंडी टेकू. छताचे वजन कोणती भिंत पेलते हे जाणकाराकडून कळल्याशिवाय घणाला हात लावू नये.

कलम तीन. तेवीस वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघरातली भिंत काढायचे काम आम्हा दोघा भावांकडे होते. मी टेकू आणायला निघालो. जाताना भावाला म्हटले, "मी येईपर्यंत हात लावू नकोस."

"दादा, मी काय काल आलोय का या धंद्यात?"

परत आलो तर छत खाली आले होते आणि बाई कमरेपर्यंत ढिगाऱ्यात होत्या. त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला.

चौकशीत भावाने लिहून दिले की, टेकू नकोत असे दादानेच सांगितले. आईने मला बाजूला घेतले. "तुझ्यामागे कोण आहे? त्याची पोर चार वर्षांची आहे. दोष घे पदरात." भाऊ पाया पडला. "वर्षभरात मीच खरं सांगतो, दादा." त्या जबाबाखाली मी सही केली. माझा परवाना गेला.

वर्ष झाले, तो बोलला नाही. आम्हा दोघांच्या दुकानाच्या पाटीवरून माझे नाव उतरले. एकदा हार्डवेअरच्या दुकानात मी रंगाच्या डब्यांमागे उभा असताना भाऊ गिऱ्हाइकाला सांगत होता, "दादावर भरवसा ठेवला, तिथंच चुकलं." दुकानदाराने मला पाहून मान खाली घातली. मी घेतलेले स्क्रू परत ठेवले आणि घरी आलो. आई शेवटपर्यंत त्याच्याच बाजूने राहिली. तिचाही मला राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही.

हे कलम लिहिण्याआधी मी बाईंकडे जाऊन सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही टेकू आणायला गेलात, ते मी दारातून पाहिलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सही केलीत. मला वाटलं, दोघं भाऊ एक झालात."



पुतणीला हे वाचून वाईट वाटेल. ती तेव्हा चार वर्षांची होती. तिचा यात काही दोष नाही.

कलम चार. मी गेल्यावर भाऊ येईल, रडेलही. त्याने आधी सगळ्यांसमोर सांगावे की, भिंत कोणी पाडली. सांगितले तर त्याने मला खांदा द्यावा. नाही सांगितले तर लांब उभे राहावे, आणि पुतणीने मध्ये पडू नये.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : माझे घर, पुढची खोली
दिनांक : चौदा मार्च

लिहून देणार : (सही) मिस्त्री

साक्षीदार :
१. (सही) शिक्षिका, निवृत्त
२. (सही) हार्डवेअरचे दुकानदार. मी ते बोलणे ऐकले होते.