सकाळची विचारपूस

९ नोव्हेंबर १९८७
रंगनाथरावांना परभणीहून परत वृद्धाश्रमात आणलं. चार दिवस मोठ्या दवाखान्यात होते. गेले तेव्हा काठी टेकत स्वतः जीपमध्ये चढले होते. आज दोघांनी धरून उतरवलं. कमरेखाली रुपयाएवढी जखम. मला ओळखलं नाही. "हे कोणतं स्टेशन?" विचारत होते. जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेला, तेवढंच डोक्यात राहिलंय.

काकांनी (आमचे व्यवस्थापक, पूर्वीचे हेडमास्तर) सोबत दिलेल्या चिठ्ठीची प्रत पाहिली. एकच ओळ. "वय ७८, दोन दिवसांपासून असंबद्ध बडबड, प्रकृती अस्वस्थ." उजव्या कानानं ठार बहिरे आहेत हे त्यात कुठंच नाही. तिथल्या कागदावर लिहिलंय, "प्रश्नांना उत्तर देत नाही." कसं देतील? त्या लोकांचा काय दोष. आमीच काही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी एनिमा दिला, पोट मोकळं झालं, बडबड थांबली. म्हणजे एवढंच होतं.

१० नोव्हेंबर
चंद्रभागा आश्रमातले संडास धुते, झाडलोट करते. आज तिच्याजवळ सहज विषय निघाला.
"अवो सिस्टर, आजोबा जायच्या आदी पाच दिस संडासाकडं फिरकलेच न्हवते."
"मग सांगितलं का नाहीस?"
"मला कोन इचारतंय?"
रागानं नाही म्हणाली. झाडू चालूच होता.

दिवसभर तेच डोक्यात. काकांनी विचारलं नाही, डॉक्टरांनी नाही, ते सोडा. मी? आमी दोघी एका वस्तीतल्या. तिची आई आन् माझी आई एकाच शेतात कापूस वेचायच्या. मला पांढरी साडी मिळाली आणि मीपण तिला विचारायचं विसरले.

१४ नोव्हेंबर
शनिवार. डॉक्टर अन्सारी परभणीहून स्कूटरवर आले. र.रावांची जखम पाहिली. मी चंद्रभागेचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शांताबाई, फोनवर तुम्ही मला काय सांगता? तबियत बरी नाही, पाठवू का? मी तिथून काय बघणार? पाठवा म्हणतो. तुम्हाला डर, मला डर, काकांना डर. तिघांच्या डरनं म्हातारा जीपमध्ये."

खरंय.

औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं. कालच्यापेक्षा आज काय वेगळं. ताप, नाडी, श्वास. खाणं-पाणी. लघवी-संडास. "एवढं सांगा. मग पाठवायचं का ठेवायचं, दोघं मिळून ठरवू." जवळच्या पेडगावच्या पोस्टमास्तरांनी रोज अकरा वाजता फोन वापरू द्यायचं कबूल केलं. भला माणूस.

१६ नोव्हेंबर
चहा झाल्यावर सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. काका, स्वयंपाकाच्या काशीबाई, चंद्रभागा, मी. प्रत्येकानं सांगायचं, कोणाचं कालच्यापेक्षा काय वेगळं दिसलं; मी वहीत लिहायचं.
काका म्हणाले, "आता काय स्वयंपाकीण नाडी बघणार?" काशीबाई पदर तोंडाला लावून बसल्या. चंद्रभागा खांबाला टेकून उभी. बस म्हटलं तरी बसली नाही.
"सगळं ठीक हाय," एवढंच सगळे म्हणाले. पाच मिनिटांत उठलो. जरा हिरमुसले.

१९ नोव्हेंबर
रोज तेच. सगळं ठीक हाय. काका घड्याळाकडं बघतात.

२३ नोव्हेंबर
आज चं. पायरीवर बसली. बसली आणि बोलली. "गयाआई आठ दिस झाले अनवाणी फिरायल्यात. चप्पल तशीच खाटंखाली."
एवढंच. पण मी उठून गेले. गयाआई (मानवतच्या, मुलाचं तिथं अडतीचं दुकान आहे) पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. लुगडं वर करू देईनात. शेवटी केलं. पाय भोपळ्यासारखे. बोट दाबलं तर खळगा तसाच राहतोय.
"कधीपासून, गयाआई?"
"दिवाळीपासून."
"अहो, मग सांगायचं नाही का?"
"सांगितलं की तुमी जीप काढता. सखू गेली जीपमदी. आली का माघारी?"

सखूबाई पावसाळ्यात गेल्या, तिकडंच वारल्या. मला वाटायचं जीपचा आवाज झाला की सगळे बघायला बाहेर येतात. आज कळलं, निम्मे आत जाऊन पांघरूण घेतात. दुखणं लपवायला लागलेत आमच्यापासून.

अकराला फोन. डॉ.नी विचारलं, आडव्या झोपतात का? मला माहीत नव्हतं. चं. सोबत आली होती, तिनं मागून सांगितलं, उशाला दोन गाठोडी घेऊन, बसल्यावानी झोपतात. मी ते फोनवर सांगितलं. डॉ. म्हणाले, "हे कोणी पाहिलं? उसको मेरा सलाम बोलो." उद्या स्वतः येतो म्हणाले. तोवर मीठ बंद.

२४ नोव्हेंबर
डॉ. आले. हृदय थकलंय. लघवी सुटायच्या गोळ्या दिल्या. रोज वजन, रोज पाय बघायचे. इथंच ठेवायचं. जीप नाही म्हटल्यावर गयाआईंनी माझा हात धरला तो सोडेचनात. मी त्यांना शब्द दिला, यापुढं तुमाला विचारल्याशिवाय कुठं नेणार नाही. शब्द देऊन बसले. पाळता आला पाहिजे.

२९ नोव्हेंबर
सूज उतरली! चप्पल घातली. काशीबाई आज आपणहून बोलल्या. "मीठ कमी म्हंजे किती कमी, ते कोनी सांगंल का? मी तर त्यांना लाडानं लोणचं वाढत होते." कोणाला काय चालतं, काय नाही, हे स्वयंपाकघरात आजवर कोणी सांगितलेलंच नाही. आता गयाआईंचं वरण मीठ घालायच्या आधी वेगळं काढतात. गयाआई म्हणतात, "हे वरण हाय का धुवन?" तरी वाटी पुसून खातात.

मन भरून आलं आज. उगाच.

११ डिसेंबर
नामांतरासाठी परभणीत मोर्चा. एस.टी. बंद. माझा भाऊ गेलाय. काल घरी येऊन गेला, "ताई, येतीस का?" म्हणाला. ड्यूटी आहे म्हटलं. वाईट वाटलं, पण इथं दुसरी नर्स नाही.

सकाळी ओसरीवर चं. म्हणाली, "आज आजोबांनी शिवी दिली न्हाई."
र.राव रोज उठल्या उठल्या तिला शिवी देतात, चपला कुठं सरकवल्या म्हणून. काका हसले. मीपण हसले. मग थांबले. आत गेले.
डोळे मिटून पडलेले. ताप ९९, जास्त नाही. पण श्वास मिनिटाला तीस. छातीला कान लावला, उजवीकडं बारीक करकर. डाव्या कानाशी जाऊन विचारलं, दुखतंय का? मानेनंच हो म्हणाले.
काका घाबरले. "पाठवू या, बाई. काही झालं तर?" त्यांचं चूक नाही. पण या वेळी आधी फोन केला. सगळं क्रमानं सांगितलं.

डॉ. आज रस्ते बंद असताना तासाभरात आले. मोर्चातल्या पोरांनीच स्कूटरला वाट करून दिली म्हणे. न्यूमोनिया, पण लवकर सापडला. इंजेक्शन दिलं. "श्वास मोजत राहा. चाळीसच्या वर गेला, पाणी पोटात राहीना, ओठ निळे दिसले, तर मला न विचारता पाठवा. नाहीतर इथंच."

र.राव माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. त्यांचा लोटा वेगळा आहे, आले त्या दिवसापासून. आज गोळी माझ्या हातून घेतली, पाणी त्यांच्या लोट्यातलं, काकांनी धरलेलं. चालेल. गोळी पोटात गेली.

१३ डिसेंबर
श्वास २६. भाताची पेज दोन वेळा. चं. दर तासाला त्यांना कुशीवर वळवते, मागची जखम उघडू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

१६ डिसेंबर
"ए भवाने! चपला कुठं मेल्या माझ्या?"
अख्ख्या आश्रमानं ऐकलं. चं. पळत आली माझ्याकडं, "सिस्टर, दिली! शिवी दिली!" काशीबाई हसून हसून खाली बसल्या.
काकांनी विचारपुशीच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "रंगनाथराव. शिवी दिली. प्रकृतीत सुधारणा." हेडमास्तरांच्या त्या वळणदार अक्षरात.
लोटा अजून वेगळाच. असो.

२२ डिसेंबर
काकांनी ओसरीवर सतरंजी घातली. चं. आली तेव्हा म्हणाले, "चंद्रभागाबाई, बसा. आज काय विशेष?" ती माझ्याकडं बघायली. मी वहीत बघितलं. डोळे ओले झाले होते, दिसू नयेत म्हणून.
पोस्टमास्तरांनी हुरडा पाठवला. म्हाताऱ्यांच्या दातांना झेपत नाही, पण वासावर खूश.

४ जानेवारी १९८८
विठाबाई न्हाणीत पडल्या. पाय आखूड, बाहेर वळलेला. खुब्याचं हाड. यात ठेवण्यासारखं काही नाही. विठाबाईंना समजावून सांगितलं, कुठं जायचं, काय करतील, सोबत कोण. "चंद्रभागा येत असंल तर न्या," म्हणाल्या. चं. लगेच तयार.
या वेळी चिठ्ठी दोन पानांची. कोणत्या गोळ्या चालू, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, हाक "विठामाय" म्हणून मारली की लवकर कळतं, दूध पचत नाही.

८ जानेवारी
चं. कपडे न्यायला येऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरनं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाला, "असं लिहून दिलं तर आमाला किती सोपं जातं." त्याला मुलगी झाल्याचंपण सांगितलं चं.ला. चं.नं तिथं सगळ्यांशी ओळख करून घेतलीय. विठाबाई धीरानं आहेत. अजून बरेच दिवस लागतील. दवाखान्यातल्या त्या नर्सेसचे उपकार, नाव माहीत नाही एकीचंही.

१७ जानेवारी
गयाआईंची सूज परत आली, गोळ्या वाढवूनही. डॉ.नी काल मला बाजूला घेऊन सांगितलं. दवाखान्यात नेलं तर कदाचित थोडे दिवस वाढतील. कदाचित नाही. हृदय आता तेवढंच.
मी गयाआईंना सांगितलं. सगळं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जास्त झालं तरी मला हितंच राहू दे. काशी, चंद्रभागा, तू. बास."
मुलाला, उत्तमरावांना, मानवतला पत्र टाकलं.

२१ जानेवारी
उत्तमरावांचं उत्तर. आईला ताबडतोब परभणीला हलवा, लागलं तर औरंगाबादला नेऊ, लोक काय म्हणतील, मुलगा असून आश्रमात मरू दिली. वाईट माणूस नाही. दर महिन्याला येतो, आईला आवडतात म्हणून शेंगा आणतो. घाबरलाय.
काका म्हणाले, मुलाचं ऐकावं लागतं. डॉ. म्हणाले, आईचंही ऐकावं लागतं. मी दोघांना हो म्हटलं.
शेवटी उत्तमरावांना लिहिलं, तुम्ही आईशी एकदा बोला. आमच्याशी नको. आईशी.

२४ जानेवारी
उत्तमराव सकाळच्या गाडीनं आले. येताच माझ्यावर चिडले. "तुमी डॉक्टर हायेत का?" मी म्हटलं, नाही. त्या काय म्हणतात ते एकदा ऐका, एवढंच.
काका, डॉ., मी, सगळे खाटेभोवती जमलो. गयाआईंनी एकेकाकडं बघितलं. म्हणाल्या, "तुमी समदे भायेर जा. माजं लेकरू आन् मी."
बाहेर आलो. काकांनी दार ओढून घेतलं.
आधी उत्तमरावांचाच आवाज येत होता, मोठ्यानं. मग गयाआईंचा, सावकाश. डॉ. घड्याळ न बघता पायरीवर बसून राहिले, त्यांचे परभणीतले पेशंट थांबलेले असताना.
काशीबाईंनी विचारलं, उत्तमरावांची भाकरी टाकू का? टाका म्हटलं. दोन टाका, मायलेकांच्या.
आत्ता पाऊण तास झाला. अजून आतच आहेत.